ग्रीक क्रियापदं: सुरुवात वर्तमानकाळापासून

नीलांबरी

थेसालोनिकीत राहते म्हणून गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले. सगळ्यांचं दुखणं एकच. ग्रीक शिकायला घेतली, अक्षरं ओळखता येऊ लागली, "कालिमेरा" (सुप्रभात) झालं, आणि क्रियापदांपाशी गाडं अडलं. प्रत्येकाला तेच ते लिहिण्यापेक्षा धागा काढते. इथे बोलायचं ते आजच्या बोलीतल्या ग्रीकबद्दल आणि फक्त वर्तमानकाळाबद्दल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मराठी माणूस ग्रीक क्रियापदांत अडकतो तो बहुतेक वेळा इंग्रजीच्या वाटेनं गेल्यामुळे. पुस्तक इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, शिकवणाराही इंग्रजीत समजावणारा. त्यातली निम्मी पानं इंग्रजी वाचकाला जे विचित्र वाटतं ते पटवण्यात जातात: कर्ता बदलला की क्रियापद बदलतं, कर्ता गाळला तरी चालतो, जवळच्याला एक रूप आणि मान देऊन बोलायचं तर दुसरं. हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का? "येतोस का?" यात "तू" कुठेच नाही, आणि कुणाचं काही अडत नाही. ग्रीक तसंच बोलतात.

आता कामाचं. ग्रीक शब्द देवनागरीत लिहिते आहे. आघात कुठे पडतो हे महत्त्वाचं असेल तिथे त्या अक्षरानंतर ' अशी खूण आहे. उच्चार थोडे इकडेतिकडे होतील. त्याबद्दल खाली लिहीनच.

शब्दकोशात आपण "लिहिणे" शोधतो, ग्रीक माणूस "मी लिहितो" शोधतो. म्हणजे मूळ नोंदच "मी"च्या रूपात: ग्रा'फो. शेवटचा ओ काढा आणि प्रत्यय लावा:

मी ग्राफो, तू ग्राफिस, तो/ती/ते ग्राफी
आम्ही ग्राफुमे, तुम्ही ग्राफेते, ते सगळे ग्राफुन

शेवटच्या रूपाला बोलताना "ग्राफुने"ही ऐकाल, दोन्ही बरोबर. "आपण" आणि "आम्ही" हा आपला बारकावा तिथे नाही, दोन्हींना ग्राफुमे.

या एकाच साच्यात रोजची डझनभर क्रियापदं बसतात. कानो (करतो), मेनो (राहतो), पीनो (पितो), माथेनो (शिकतो), द्यावाझो (वाचतो), दुलेवो (काम करतो), एखो (माझ्याकडे आहे), थेलो (मला हवंय), क्सेरो (मला माहीत आहे), कातालावेनो (मला समजतं).

या यादीतल्या शेवटच्या चारांकडे जरा नीट बघा. मराठीत ही सगळी "मला" किंवा "माझ्याकडे" घालून बोलायची वाक्यं. ग्रीकमध्ये मात्र हवं असणारा, माहीत असणारा, समजणारा माणूस सरळ कर्ता होतो. मराठी इथे दगा देते, तेवढं लक्षात ठेवायचं.

दुसरं घराणं. इथे आघात शेवटच्या ओ वर असतो: बोरो', म्हणजे मी (अमुक) करू शकतो.

बोरो', बोरिस, बोरी
बोरूमे, बोरिते, बोरून

सगळा जोर प्रत्ययावर. ग्रीसला पाय न लावलेल्यालाही या घराण्यातलं एक क्रियापद येतं: एफ्खारिस्तो'. आपण त्याला "धन्यवाद" समजतो, पण ते सरळसरळ "मी आभार मानतो" आहे. म्हणून दुकानाच्या पाटीवर एफ्खारिस्तूमे दिसतं, "आम्ही आभारी आहोत".

तिसरं घराणं मिलाओ, म्हणजे बोलतो.

मिलाओ, मिलास, मिलाई
मिलामे, मिलाते, मिलाने

आगापाओ (प्रेम करतो), रोताओ (विचारतो) ही याच घरातली. पंचाईत अशी की मिलाओचं "मिलो'" असं आखूड रूपही चालतं, आणि मग ते दिसायला बोरो'सारखंच. शेवटी आघात असलेला ओ दिसला की हे बोरोकडचं की मिलाओकडचं, हे नुसतं बघून कळत नाही. नवीन क्रियापद लिहून घेताना "तू"चं रूपही शेजारी लिहा, वाद मिटतो: बोरिस, मिलास.

आणि "असणे" कुठल्याच घराण्यात बसत नाही. ईमे, ईसे, ईने, ईमास्ते, ईस्ते, ईने. "तो आहे" आणि "ते आहेत" दोन्हीला ईने.

एर्खोमे, काथोमे असली "मे"वाली मंडळी मुद्दाम मागे ठेवली आहे.


अनघा_प

वा, किती दिवस कुणीतरी हे मराठीत लिहावं असं वाटत होतं. वाचनखूण साठवली.

दोन शंका. मी बाई आहे, तर "मी राहते"ला वेगळं रूप आहे का? आणि "राहते" नि "राहतेय" यात फरक कसा करायचा? ॲप दोन्हीला मेनोच देतं, मला वाटलं ॲपच गंडलंय.


नीलांबरी

ॲप बरोबर आहे. क्रियापदात लिंग अजिबात नाही. लिहितो-लिहिते-लिहितं ही कटकट नाही, मराठी माणसाला मिळालेली सूटच म्हणायची. आणि रोज करतो ते आणि आत्ता करतोय ते, दोन्ही एकाच रूपात. "द्यावाझो" म्हणजे मी वाचते आणि मी वाचतेय. संदर्भावरून कळतं, किंवा "तोरा" (आता) जोडायचं.

मेनो स्ती वोम्वाई, मी मुंबईत राहते. (हो, ग्रीक तोंडात अजून जुनी बॉम्बेच आहे.)

शिवाय "पाच वर्षं इथे राहतेय" याला इंग्रजीवाला वेगळा काळ वापरतो. ग्रीक आपल्यासारखा साधा वर्तमानकाळ वापरतो: मेनो एदो' पेन्दे ख्रोन्या. तसंच "उद्या निघतो". आव्रिओ फेव्गो. भविष्यकाळ न शिकताही उद्याचं बोलता येतं.


चिकित्सक

धागा चांगला आहे, पण सहा सहा रूपांचे तक्ते बघून शाळेतलं संस्कृत आठवलं आणि पोटात गोळा आला. रामः रामौ रामाः करून आमच्या पिढीत कोण संस्कृत बोलायला लागलं? तक्ता पाठ असलेला माणूस हॉटेलात बसून मनातल्या मनात मी, तू, तो, आम्ही मोजत बसतो, तोवर वेटर पुढच्या टेबलावर. वाक्यं पाठ करा. तक्ते आपोआप कळतात.


शास्त्रीबुवा

रामौच्या नावानं खडे फोडणं ही आता फॅशन झाली आहे. तक्ता हा नकाशा असतो. नकाशा पाठ केल्यानं प्रवास होत नाही हे खरं, पण म्हणून नकाशा फाडायचा?

असो. नीलांबरीताई, तुम्ही संस्कृतचा उल्लेख टाळलात, मी टाळणार नाही. प्राचीन ग्रीकमध्ये "वाहून नेणे" या अर्थाचं क्रियापद फेरो. त्याची "तुम्ही", "ते" ही रूपं बघा: फेरेते, आणि डोरिक बोलीत फेरोन्ति. आता संस्कृत: भरथ, भरन्ति. "आहे"साठी तिकडे एस्ति, इकडे अस्ति. द्विवचनसुद्धा दोघांकडे होतं, पुढे ग्रीकनं आणि आपल्या प्राकृतांनी टाकून दिलं. हा योगायोग नव्हे, एकाच आजीच्या नाती आहेत.

दिमित्रिओस गालानोस हा ग्रीक विद्वान अठराव्या शतकाच्या अखेरीस भारतात आला, काशीत राहिला, गीतेचं ग्रीक भाषांतर केलं आणि १८३३ साली काशीतच वारला. त्याला आपली धातुरूपं शिकताना परकी वाटली नसणार.


चिकित्सक

बुवा, गालानोस काशीत कशाला, आत्ता टेबलावर वेटर उभा आहे आणि अनघाताईंना कॉफी मागायची आहे. भरन्तिनं कॉफी येत नाही.


नीलांबरी

दोघांनीही थोडं थोडं मागे घ्या :)

तक्त्याबद्दल माझं मत अधलंमधलं आहे. सहाच्या सहा रूपं एका दमात म्हणायची गरज नाही. पहिल्या दिवसापासून तोंडात बसायला हवीत ती "मी" आणि "तू/तुम्ही". प्रश्न विचारायला एक, उत्तर द्यायला एक. थेलिस? थेलो. क्सेरेते? देन क्सेरो. जोड्यांनी म्हणा, बोलल्यासारखं. "ते सगळे"चं रूप तोंडात यायला वेळ लागला तर लागू दे, पण कानाला मात्र ओळखता आलं पाहिजे, कारण समोरचा कर्ता बोलणारच नाही. सगळी माहिती त्या शेपटीत असते. ग्राफुमे आणि ग्राफुन यातला फरक निसटला तर कोण लिहितंय हेच कळलं नाही.

ऐकून शिकणाऱ्यांसाठी लँग्वेज ट्रान्सफरचा ग्रीक कोर्स फुकट आहे, १२० ध्वनिफिती. शिकवणं इंग्रजीत आहे, पण पाठांतराऐवजी विचार करायला लावतो.

नकार लिहायचा राहिला होता. क्रियापदाच्या आधी "देन", एवढंच. देन एखो, माझ्याकडे नाही. पुढच्या शब्दाची सुरुवात म, ल, थ, फ अशा आवाजानं झाली तर न गळतो: दे थेलो, दे मिलाओ. स्वर किंवा क, प, त आला की राहतो. प्रश्नासाठी काहीच करायचं नाही, आवाज वर न्यायचा. लिहिताना प्रश्नचिन्हाच्या जागी आपल्या अर्धविरामासारखी खूण येते, ती बघून गोंधळू नका.


दर्यावर्दी

मी बोटीवर इंजिनिअर. मालक ग्रीक, मास्टर (कप्तान) आणि चीफ इंजिनिअर ग्रीक, बाकी आम्ही भारतीय आणि फिलिपिनो. कामाची भाषा इंग्रजीच, पण ही मंडळी आपसांत बोलायला लागली की कान टवकारतात. दिवसभरात सगळ्यात जास्त ऐकू येतो "पामे, पामे". हे कुठल्या साच्यात? आणि मास्टरशी बोलताना "तुम्ही"च वापरायचं ना?


नीलांबरी

पामे म्हणजे "आपण जातो", वापर थेट आपल्या "चला"सारखा. हे चौथं, छोटं घराणं. तिसऱ्याचं धाकटं भावंड म्हणा:

पाओ, पास, पाई, पामे, पाते, पाने (जाणे)
लेओ, लेस, लेई, लेमे, लेते, लेने (सांगणे, म्हणणे)
त्रोओ, त्रोस, त्रोई, त्रोमे, त्रोते, त्रोने (खाणे)

आकूओ (ऐकणे) पण असंच चालतं. मुळात इथे प्रत्ययाचा स्वर मागच्या स्वरात विरघळून गेला आहे, म्हणून आखूड. ही चार मात्र रोज लागतात, ती पाठच करा. चिकित्सक, क्षमस्व.

मास्टरला "तुम्ही". ती कानेते? म्हणजे शब्दशः "काय करता?", अर्थ "कसे आहात?". बरोबरीच्या माणसाला ती कानिस. कधी कुठलं वापरायचं हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. फरक एकच. आपण वडिलांना, आजोबांना "अहो" म्हणतो. ग्रीक घरात आजोबांनाही "तू"च असतं. "तुम्ही" अनोळखी माणसाला, वरिष्ठाला, दुकानदाराला.


खवय्या

वेटरचा विषय निघालाच आहे म्हणून. "थेलो काफे'" म्हटलं तर उर्मट वाटतं का? सँटोरिनीला आमच्या ग्रुपमधले सगळे थेलो थेलो करत होते.


नीलांबरी

तोंड हसरं असेल आणि मागे पाराकालो' जोडलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. पण "था ईथेला" जास्त शोभतं, "मला हवी होती"सारखं. ते वर्तमानकाळात मोडत नाही, तूर्त अख्खा शब्द गिळून टाका.

पाराकालो' सुद्धा क्रियापदच बरं का, "विनंती करतो". बसमधल्या, सरकारी कचेरीतल्या सूचना पाराकालूमेनं सुरू होतात.


लिमासोलकर

वाचतोय. सायप्रसहून थोडी भर, कारण आयटीतली बरीच मराठी मुलं हल्ली इकडे आहेत आणि क्लासात शिकलेलं रस्त्यावर ऐकू येत नाही म्हणून हताश होतात.

क्लासमध्ये "एही" (त्याच्याकडे आहे) शिकवतात, इथला भाजीवाला "एशी" म्हणतो. ख चा आवाज ए-ईच्या आधी श होतो. "आणि"साठी अथेन्सवाले "के" म्हणतात, आमच्याकडे "चे". आणि "ते सगळे"च्या रूपाला इथले लोक, विशेषतः वयस्कर, शेपूट लांबवतात: ग्राफुसिन, थेलुसिन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुसराच कुठला काळ असेल असं वाटलं.

ऑफिसमध्ये, बँकेत मात्र तुम्ही पुस्तकी बोललात तरी सगळे समजतात आणि बरेचदा तसंच उत्तर देतात. बोली नुसती ऐकायला शिका, बोलायला प्रमाण ग्रीकच ठेवा.


आल्फा_ओमेगा

लिमासोलकर, तुमचं थेलुसिन वाचून खुर्चीतून उठलो. मी पुण्यात बायबलची ग्रीक शिकतोय, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची. आमचा पहिल्या दिवसाचा तक्ता: लुओ, लुएइस, लुएइ, लुओमेन, लुएते, लुओउसिन. (सोडणे, मोकळं करणे. जवळपास सगळ्या पाठ्यपुस्तकांत हेच बिचारं क्रियापद.) शेवटचं रूप बघा. जे अथेन्सनं टाकलं ते तुमच्या भाजीवाल्याच्या तोंडी आहे.

धाग्यावर एक प्रश्न. मला जुनी ग्रीक येते तर नवी किती सोपी जाईल?

जाता जाता: पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून बायबलचं मराठी भाषांतर केलं ते इंग्रजीवरून नव्हे, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. त्या १९२२ साली गेल्या, भाषांतर १९२४ साली छापून आलं. संस्कृत घरात शिकलेल्या बाईनं उतारवयात ग्रीक क्रियापदं शिकून घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं.


नीलांबरी

रमाबाईंची आठवण काढलीत, छान वाटलं.

जुनी येत असेल तर वाचायला सोपी, बोलायला सुरुवातीला अडचणीची. कारण क्लासात तुम्ही बहुधा लुएइस असं अक्षरागणिक म्हणता. आज तेच लीइस होतं. एइ, ओइ, इ, उ यांचे पूर्वीचे वेगवेगळे उच्चार सगळे एका "ई"त कोसळले आहेत. "आइ" असं लिहिलेलं "ए" म्हणतात. लुओमेनचं आज लीनुमे झालंय, क्रियापदाच्या पोटात एक न शिरला आहे. आणि आजच्या भाषेत "-णे"सारखं रूपच उरलेलं नाही. त्याबद्दल लिहायलाच हवं.

"मला जायचंय" हे कसं म्हणाल? थेलो पाओ असं दोन क्रियापदं चिकटवून चालत नाही. मध्ये "ना" लागतो, आणि दोन्ही क्रियापदं चालवावी लागतात: थेलो ना पाओ. तिला जायचंय: थेली ना पाई. मग गंमत अशी करता येते की दुसऱ्याचा कर्ता बदलायचा. थेलो ना पास, तू जावंस असं मला वाटतं. एका अक्षरात काम झालं.

बोरो' आणि प्रेपी (हवं, पाहिजे) यांच्यापुढेही असंच. प्रेपी ना पामे, आपल्याला जायला हवं.

सावधगिरी: "ना"च्या पुढे बहुतेक क्रियापदांचं एक वेगळं रूपही येतं (थेलो ना ग्राप्सो), आणि तो खड्डा खोल आहे. पण पाओ, एखो, कानो, क्सेरो, ईमे, पेरिमेनो (वाट बघणे) यांना ते वेगळं रूप नाही. पहिले काही आठवडे "ना"बरोबर हीच वापरा.


शास्त्रीबुवा

आता "मे"वाल्यांबद्दल लिहा. मी मुद्दाम गप्प बसलोय.


नीलांबरी

लिहिते, बुवांना फार वेळ गप्प ठेवणं बरं नव्हे.

एर्खोमे, एर्हेसे, एर्हेते
एर्खो'मास्ते, एर्हेस्ते, एर्खोन्दे

अर्थ साधा: येतो, येतोस, येतो. (ख चा ह होतो तो पुढच्या ए मुळे. सायप्रसमध्ये श होतो तोच हा आवाज.) काथोमे म्हणजे बसतो, द्रेपोमे म्हणजे लाजतो. किमामे (झोपतो) आणि फोवामे (भितो) यांच्यात ए च्या जागी आ: किमासे, किमाते.

एरवी याच प्रत्ययांनी कर्मणी होतं. ग्राफो म्हणजे लिहितो, ग्राफेते म्हणजे लिहिलं जातं. पण वरच्या मंडळींना ग्राफोसारखं साधं रूपच नाही, ती जन्मतःच "मे"वाली.

आणि हो, "तुम्ही लिहिता" आणि "लिहिलं जातं" दोन्ही कानाला ग्राफेतेच. फरक फक्त लिहिण्यात, शेवटचा ए दोन तऱ्हांनी लिहितात. ग्रीक माणसंही यात सर्रास चुकतात, त्यामुळे आपण ओशाळायचं कारण नाही. मात्र याच कारणासाठी सांगते, देवनागरीची कुबडी लवकर सोडा. माझ्या लिखाणात तुम्हाला जे एकसारखं दिसतं ते ग्रीक लिपीत वेगळं असतं.


शास्त्रीबुवा

आता ऐका. "तू" आणि "तो"ची शेपटी काय आली? से, ते. "ते सगळे"ची? न्दे, म्हणजे मुळात न्ते. आणि आपलं आत्मनेपद, संस्कृत क्रियापदांच्या दोन खात्यांतलं एक? लभसे, लभते, लभन्ते! शाळेत ज्याच्या नावानं बोटं मोडली ते आत्मनेपद आज थेसालोनिकीच्या बसमध्ये चालू आहे.

एवढंच नाही. संस्कृतात बसणे आस्ते, झोपणे शेते, लाजणे लज्जते, सगळी आत्मनेपदी. ग्रीकमध्ये "मे"वाली कोण? बसणे, झोपणे, लाजणे. जी क्रिया करणाऱ्याच्या अंगाशीच राहते ती या खात्यात.


चिकित्सक

मानलं, हे भारी आहे. पण ग्रीकमध्ये भिणे आणि येणे पण "मे"वाली आहेत ना? संस्कृतात बिभेति, आगच्छति. दोन्ही परस्मैपदी, म्हणजे दुसऱ्या खात्यातली. म्हणजे नियम म्हणून वापरलं तर आपटाल.


शास्त्रीबुवा

नियम म्हणून नव्हे, ओळख म्हणून. पण मुद्दा मान्य.


नीलांबरी

आणि लभसेशी इतका स्वच्छ मेळ बसतो त्यात आजच्या उच्चाराचा थोडा हात आहे, जुन्या काळी ते "साइ, ताइ" असं होतं. मूळ मात्र एकच. पाठ करायला याहून सोपी खुंटी मिळणार नाही, खुशाल वापरा.

उच्चारांचं राहिलं होतं, थोडक्यात. स्वर पाचच: आ, ए, ई, ओ, ऊ. मराठीतला अ नाही, त्यामुळे न लिहिलेला अ मध्येच घुसवू नका. थेलोतला थ आपल्या "थाळी"तला नाही, जीभ दातांत धरून हवा सोडायची. देनमधला द तसाच, पण घोष, म्हणजे घसा थरथरवून. ग्राफोतला ग घशातून घासत येतो, उर्दूतल्या "ग़ज़ल"सारखा, आणि ए-ईच्या आधी आला की चक्क य होतो.

आघात हा शोभेचा नाही. पे'र्नो म्हणजे घेतो, पेर्नो' म्हणजे ओलांडतो, पार होतो. लिहिताना प्रत्येक मोठ्या शब्दावर आघाताची खूण असते, १९८२ पासून एकच साधी तिरकी रेघ. त्याआधी तीन तऱ्हेच्या खुणा, वर श्वासाच्या वेगळ्या. आल्फा_ओमेगा अजून त्या सोसत असतील.


आल्फा_ओमेगा

सोसतोय.


अनघा_प

गृहपाठ द्या ना. थोडासाच.


नीलांबरी

घ्या. १) तुम्ही कॉफी पिता का? २) आम्ही ग्रीक शिकतोय. ३) ती ग्रीक बोलत नाही. ४) त्यांना समजत नाही. ५) मला ऑलिव्ह आवडतात. (आवडणे = आरेसी, मला = मू, ऑलिव्ह = ई एल्येस, अनेकवचन. ग्रीक भाषा = एलिनिका'.)


अनघा_प

१) पीनेते काफे'?
२) माथेनुमे एलिनिका'.
३) दे मिलाई एलिनिका'.
४) देन कातालावेनी.
५) मू आरेसुन ई एल्येस.


नीलांबरी

चौथं सोडून सगळी बरोबर. चौथ्यात मराठीनं पाय ओढला. "त्यांना समजत नाही" यात आपलं क्रियापद एकवचनी राहतं, म्हणून तुम्ही कातालावेनी केलंत. तिकडे न समजणारे कर्ते आहेत आणि ते अनेक आहेत: देन कातालावेनुन.

पाचवं बघून फार आनंद झाला. इंग्रजीतून शिकणारे इथे हमखास "मी आवडतो" करून बसतात, कारण त्यांच्याकडे आवडणारा माणूस कर्ता असतो. आपलं "मला आंबे आवडतात" आणि ग्रीकांचं मू आरेसुन एकाच बांधणीचं. आवडलेली वस्तू एक असेल तर आरेसी, अनेक असतील तर आरेसुन. मू, सू, तू, तीस (मला, तुला, त्याला, तिला) बदलत जायचं.


लिमासोलकर

परीक्षेचं कुणी विचारायच्या आत सांगतो. ग्रीक भाषेच्या प्रमाणपत्राची परीक्षा थेसालोनिकीचं ग्रीक भाषा केंद्र घेतं, ए१ (सगळ्यात सोपी) ते सी२ (सगळ्यात अवघड) पर्यंतच्या पातळ्यांची, साधारण मे महिन्यात, आणि केंद्रं ग्रीसबाहेरही असतात. ए१ ला तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख, घर, काम, रोजचा दिवस एवढंच लागतं. म्हणजे या धाग्यावरची चार घराणी आणि एर्खोमे पक्की असतील तर क्रियापदांनी नापास होणार नाही.


दर्यावर्दी

उशिरा आलो, बंदरात रेंज नव्हती. एक शंका. ग्राफोच्या सगळ्या रूपांत आघात ग्रा वरच राहतो, मग एर्खोमेत "आम्ही"लाच तो पुढे का सरकतो? एर्खोमे, पण एर्खो'मास्ते. मास्टरला विचारलं तर म्हणाला, असंच असतं.


नीलांबरी

मास्टरला शाळेत कुणी सांगितलं नसेल, पण कारण आहे. ग्रीकमध्ये आघात शेवटून तिसऱ्या अक्षराच्या मागे जाऊच शकत नाही. एर-खो-मे, तीन अक्षरं, आघात एर वर, चालतं. एर-खो-मा-स्ते, चार झाली. एर आता शेवटून चौथं. मग नाइलाजानं आघात एक पाऊल पुढे, खो वर. ग्रा-फु-मे तीनातच आटोपतं म्हणून हलत नाही. कातालावेनुमे एवढं लांबलचक, पण मुळातला आघात वे वर, तो शेवटून तिसराच, म्हणून तोही जागचा हलत नाही. काथोमेचं मात्र काथो'मास्ते होणार. किमामे वेगळं चालतं, त्याचं "आम्ही" किमो'मास्ते: आघात सरकत नाही, स्वरच बदलतो.